मसणवट्यातला नळ

...न्हाई, पण मी म्हणतो, अंतर उणं कसं असंल? तुमीच सांगा. माणूस वर चालला काय आन् खाली चालला काय, पाय दुखायचे ते दुखत्यातच ना? पण कंप्युटरला हे बी सांगावं लागतंय, आन् सांगितलं न्हाई तर तो गावाचा नळ मसणवट्यात नेऊन बसवतोय. हसू नका. खरंच बसवला होता.

झालं असं, आमची वाडी म्हंजे बोरीच्या अलीकडं एकच लांब गल्ली. मधी मारुतीचा पार, पाराच्या वर दाटीनं घरं, पाराच्या खाली थोडी, आन् सगळ्यात खाली, ओढा ओलांडून, एकटं आमचं. आमच्या पुढं फकस्त मसणवटा. ह्या गल्लीत सरकारी नळ मंजूर झाला, पण एकच. आता एकच नळ म्हणल्यावर ग्रामसभेत काय झालं असंल? जो तो आपल्या दाराकडं बोट दाखवायलाय. शेवटी सरपंच भगवानराव म्हणले, "वाल्मीकराव, तुमची पुतणी इंजिनेरिंगला हाय ना? तिच्या कंप्युटरला इचारा. तो कुणाचा पाव्हणा न्हाई."

मला बरंच वाटलं. आमच्या घरवालीचे, सारजाबाईचे, दोन्ही गुडघे गेलेत. पाराजवळच्या मचूळ आडावरून डोक्यावर एक आन् कमरंवर एक घागर घेऊन ती ओढा उतरायली की मला दारातून बघवत न्हाई. बाईनंच पाणी आणायचं ही आमच्याकडची रीत, त्यामुळं बघवत न्हाई तरी बघायचं, दुसरं काय?

तर राजेश्री आली, लॅपटॉप घेऊन पारावर बसली. "काका, मला पारापासून एकेक घर किती लांब ते सांगा." आमच्यात अंतर सांगायची एकच तऱ्हा, पाराच्या वर इतकं, न्हाईतर पाराच्या खाली इतकं. पोरीनं काय केलं, वर म्हंजे अधिक, खाली म्हंजे उणं, असं लिहून टाकलं. मग नळाच्या जागंतून घराची जागा वजा, सगळ्या घरांची बेरीज, आन् सॉल्व्हरला सांगितलं, ही बेरीज कमीत कमी कर. सॉल्व्हर म्हंजे असली गणितं सोडवणारी कंप्युटरातली तयार लायब्ररी, आपण नुसत्या अटी घालायच्या.

तो निघाला की नळ घेऊन खाली! जितकं खाली जावं तितकी बेरीज उणी, उणं म्हंजे कमी, आन् कमी म्हंजे त्याला बरं. शेवटी त्यानं कळवलं, ह्या उत्तराला हद्दच न्हाई. राजेश्रीनं गल्लीची हद्द घालून दिली, तर हा शहाणा जाऊन बसला हद्दीवर. मसणवट्यात. सारा पार हसायलाय. अंतर उणं कसं असंल, पण त्याला तसंच शिकवलं होतं, त्याचा काय दोष?

सारजाबाई तेवढी हसली न्हाई. मला म्हणली, "आवं, राहू द्या की. आपल्याला लय जवळ पडतंय."

मी बी राजेश्रीला हळूच म्हणलं, "माय, कंप्युटर म्हणतोय तर असू दे." ती म्हणली, "काका, चूक माझी हाय. मला निस्तरायलाच पाहिजे." आता ह्या पोरीला खरं बोलायला आपणच शिकवलेलं.

तिनं आधी सरळ सांगून बघितलं, की बाबा, अधिक-उणं सोड, नुसतं अंतर धर. सॉल्व्हर ऐकंना. त्याला म्हणं सरळ रेषेतलंच चालतंय, असली वळणं न्हाई चालत. मग तिनं युक्ती केली. दर घराला एक आकडा दिला, बेरीज त्या आकड्यांची धरली, आन् दर आकड्याला दोन अटी घातल्या. नळातून घर वजा केलं तर जे येईल त्याच्यापेक्षा हा आकडा लहान नको, आन् घरातून नळ वजा केला तर जे येईल त्याच्यापेक्षा बी लहान नको. दोन्हीतलं एक उणं असणार, दुसरं खरं अंतर. आकडा लहान करायची घाई सॉल्व्हरलाच, त्यामुळं तो दाबत दाबत नेमका खऱ्या अंतरावर येऊन टेकतोय. वर जा न्हाई तर खाली, पळवाट न्हाई. मला लय पटलं. अंतर उणं कसं असंल, हेच तर मी म्हणत होतो.

आन् नळ उठला मसणवट्यातून, ओढा ओलांडला, पार ओलांडला, आन् थांबला भगवानरावच्या दारात. त्यांच्या घरी सोताचा बोअर हाय! पण काय करता, घरं मोजली तर मधलं घर त्यांचंच, वर जितकी तितकीच खाली, आन् बेरीज कमीत कमी तिथंच.

मी म्हणलं, "राजेश्री, आमचं घर आणखी लांब धर. देवगाव फाट्याला धर. मग तरी नळ खाली सरकंल?" तिनं धरलं. नळ इतभर हलला न्हाई. "काका, तुमी खालच्या बाजूला एक घर, एवढंच त्याला कळतंय. किती खाली, ह्यानं मधलं घर बदलत न्हाई." मग तीच म्हणली, दुसरं बी मांडता येतंय, सगळ्यात लांबच्या घराचं अंतर कमीत कमी. मांडलं. नळ लय खाली आला. सारजाबाई उठून उभी राहिली, पदर सावरला तिनं.

पण सभेत भगवानराव शांतपणं म्हणले, "वाल्मीकराव, तुमच्या एका घरापायी वरच्या सगळ्या बायांनी रोज खाली उतरायचं का?" वरच्या बायांत बी गुडघे गेलेल्या हायत. मधल्या घरासाठी वरच्यांनी हात वर केले. मी बघितलं तर माझा बी हात वर.

नळ सुरू झाला त्या दिवशी सारजाबाई घागरी घेऊन निघाली. मी काढून घेतल्या. "आवं, लोकं बघत्याल." बघितलंच. पारावरनं एक जण म्हणला, "वाल्मीकराव, बाई आजारी हाय का?" म्हणलं, न्हाई, चांगली हाय. तेव्हापासून रोज मी जातोय.

राजेश्रीला फोन केला, म्हणलं, सारजाबाईचं अंतर शून्य झालं, टाक ते कंप्युटरात. ती म्हणली, "काका, तुमचं तेवढंच वाढलं ना? एकूण बेरीज हाय तीच."

बरोबर हाय पोरीचं. बेरजंला कुठं गुडघे असत्यात.