काळ्या कापडामागचा टीव्ही

इजिप्तमधल्या तांता शहरातल्या बेकरीपुढं, रोटीच्या रांगेत काळ्या कपड्यांतल्या दोघी माझ्यापुढं उभ्या होत्या. नणंद आणि भावजय.

“नादिरा, माझ्या भावाला जाऊन वीस दिवस झाले. चाळिसाव्या दिवसापर्यंत टीव्ही बंद ठेवायचा, आणि तुझ्या खिडकीत निळा उजेड दिसला म्हणे!”

“मालिका नव्हती हो वन्सं. माझ्या रावियाच्या लॅपटॉपची स्क्रीन फुटलीये. तुमच्या भावानंच वायर आणून तो टीव्हीला जोडून दिला होता.”

“रस्त्यावरच्यांना वायर दिसते का?”

“शनिवारी तिची शेवटची परीक्षा आहे.”

“टीव्हीवर काळं कापड टाकलंयस ना?”

“टाकलंय. लोक बोलायला लागल्यापासून ती ते काढतच नाही. स्वतःच कापडाच्या आत शिरते आणि टीव्हीला नाक लावून वाचते.”

“एवढ्या उकाड्यात?”

“बाहेर येते तेव्हा चेहरा नुसता ओला असतो. घाम आहे की रडलीये, तेही कळत नाही.”

रांग पुढं सरकली.

“नादिरा.”

“हं?”

“आज ते कापड काढ. मी येऊन बसते पोरीजवळ. कुणी विचारलंच, तर सांग, आत्याला टीव्ही बघायचा होता.”