आत्याचं विरजण

थांबा थांबा पल्लवीताई, झाकण नका उघडू — दही हाय आत, सांडंल! काहून हसून राहिल्या? काल तुमीच म्हणलात न्हाई का, पुण्याच्या सायबायनं पाठवलंय, नव्वदी पार केलेल्या मान्सांच्या पोटात कोनते चांगले जंतू ऱ्हातेत ते पाहायचं हाय, ह्या डब्बीत द्या — मंग माझ्या सासूच्या, आत्याच्या पोटात दुसरं काय गेलंय? सकाळी भाकर-ताक, सांजंला जवारीच्या कन्या अन् ताक. म्या म्हणलं चांगले जंतू विरजणातच असतेत, दिलं चमचाभर भरून. — काय? परसाकडचं? अग्गं बाई! ते नेतेत व्हय पुण्याला? लाज न्हाई वाटत त्या सायबायला?

हसू द्या बाई, सकाळधरनं हसले न्हाई. त्याचं काय हाय — आमच्यात विरजणाचं गाडगं घरातल्या थोरल्या बाईकडं. मी लगीन होऊन आले, मेंढरं राखली, लेकरं मोठी केली, नातू झाला — पन म्हातारीनं गाडग्याला हात लावू दिला न्हाई! म्हने, तुझ्या हातचं आंबट होतंय मोहिने. किती भांडले मी त्यापायी! अन् आज सकाळी आपल्या हातानं गाडगं माझ्या पुढ्यात ठिवलं — घे बाई, आता तूच लाव. मला आनंद व्हायला पायजे की न्हाई? व्हायलाच पायजे. पन मी भ्याले. आत्याच्या सासूनं बी असंच गाडगं दिलतं, अन् महिन्याच्या आत गेली. म्हनून तर डब्बी भरली ताई — तुमच्या मशनीत पाहा न, म्हातारीचे जंतू अजून दमदार हायेत का. भांडायला दुसरं कोन हाय मला?

काय म्हनता आत्या? — ऐकलं का ताई, आतून वरडून राहिली! 'दूध नासवलंस का मोहिने? तुला न्हाई जमायचं, आण ते गाडगं इकडं!' — आले, आले आत्या! अगं माय, मागितलं की गं गाडगं माघारी! आणा ताई ती डब्बी. आवं आणा की! दिवा लागला, आता आमच्या घरातनं विरजण बाहीर जात न्हाई. कळमनुरीची जीप हाय अजून, निघा तुमी. तुमचं ते दुसरं... उद्या सकाळी या. आत्या कुठं जात न्हाई.