पंधरावा कपकेक

झुलेमा : ही माझ्या आईची शिलाई मशीन आहे की बदक?

इरुपे : मशीन आहे. चाक लावायचं राहिलंय. कोरिएन्तेसच्या उकाड्यात साखरेचा गोळा आणि बाईमाणूस, दोघांचाही आकार राहत नाही. पंखा वळव इकडे.

झुलेमा : मग मला वारा?

इरुपे : तू पोरीची आई आहेस. आज घाम गाळायचा मान तुझा.

झुलेमा : हात चालव गं बाई, आठला पाहुणे येतील.

इरुपे : आपल्या वेळी बरं होतं. पंधराव्या वाढदिवसाला पंधरा मेणबत्त्या. पोरीनं एकेका जिवलगाला नावानं हाक मारायची, दोन गोड शब्द बोलायचे, मेणबत्ती हातात द्यायची, की मंडळी रडायला मोकळी. तुझ्या अब्रिलला कपकेक हवेत. वर प्रत्येकावर ज्याची त्याची खूण!

झुलेमा : मेणबत्त्या जुनाट वाटतात म्हणे.

इरुपे : जुनाट असतील, पण त्यांच्यावर शिलाई मशीन करावी लागत नव्हती. किती झाले?

झुलेमा : तेरा. तिच्या बाबांचा रिमोट मात्र हुबेहूब जमलाय हं.

इरुपे : जमणारच. सोळा वर्षं तुझ्या घरी येतेय, त्याच्या हातात दुसरं काही पाहिलंच नाही. पुढचा?

झुलेमा : हाड.

इरुपे : कुणाचं?

झुलेमा : फिरुलायचं.

इरुपे : कुत्र्याला नावानं बोलावणार?

झुलेमा : हाक मारल्यावर लगेच येणारा घरात तो एकच आहे.

इरुपे : तेही खरं. हे घे हाड. आता पंधरावा मी करणार नाही. स्वतःचा स्वतः करायचा नसतो. तू कर, वेडावाकडा चालेल. मी भिंतीकडे तोंड करून बसते. रुमालसुद्धा इस्त्री करून ठेवलाय, रडताना हिरव्या ब्लाउजवर शोभेलसा.

झुलेमा : इरुपे...

इरुपे : लाल रंग संपलाय, तेवढं ध्यानात ठेव.

झुलेमा : पंधराव्यावर इमारत करायचीय. खांबांची.

इरुपे : इमारत? इतकी सुटलेय मी?

झुलेमा : पर्लाचा हॉल आहे तो.

(इरुपे भिंतीकडून वळून बसते.)

इरुपे : पर्ला. अब्रिलचं नावही धड येत नाही, ‘आब्रा’ म्हणते, ती पर्ला?

झुलेमा : तिनं हॉल फुकट दिला. अट एवढीच की पंधरांत तिला बोलवायचं. नगरपालिकेला उभी राहतेय, पोरीबरोबर फोटो हवाय तिला.

इरुपे : आणि त्यासाठी पंधरांतून गाळायला मीच सापडले.

झुलेमा : कुणाला गाळू? आईला? भूगोलाच्या बाईंना? त्यांनी तर पास केलंय तिला.

इरुपे : कुत्र्याला गाळायचं होतंस.

झुलेमा : कुत्र्यावरून ती रडली.

इरुपे : बरोबर. मी काही भुंकत नाही. तू दोन वर्षं ब्वेनोस आयरेसला शिवायला गेलीस, तेव्हा तीन वर्षांची ती पोर कुणाच्या कुशीत झोपत होती गं? पर्लाच्या? परत आलीस तेव्हा तुला ‘बाई’ म्हणाली. मग तुझ्या नकळत दारामागे मी रोज तुझा फोटो दाखवून ‘आई, आई’ घोकून घेतलं तिच्याकडून.

झुलेमा : म्हणूनच तर. तू आपली आहेस. तू समजून घेशील असं वाटलं.

इरुपे : आणि हे मला कधी सांगणार होतीस? हॉलमध्ये, पंधराव्या नावाला?

झुलेमा : कपकेक झाल्यावर.

इरुपे : वा! निदान खोटं तरी बोलायचंस.

झुलेमा : हळू बोल. ती केस वाळवतेय बाहेर... आलीच बघ.

अब्रिल : मावशी! अय्या, हे बदक कुणाचं?

इरुपे : आजीची मशीन आहे, राणी.

अब्रिल : मावशी, एक विचारू? रागावणार नाहीस ना? तू का नको म्हणालीस गं?

इरुपे : कशाला?

अब्रिल : आई म्हणाली, इरुपे मावशीला चारचौघांत उभं राहायचा संकोच वाटतो, तिनं आपणहून सांगितलंय की मला बोलावू नका. मी सगळ्यांत आधी तुझंच लिहिलं होतं. दोन पानं. बाबांचं अर्धंच झालं.

झुलेमा : अब्रिल, केस ओले आहेत तुझे. आत जा.

अब्रिल : थांब ना, आई. मावशी, खरंच तू असं म्हणालीस?

इरुपे : ...झुलेमा, माझ्याकडे काय बघतेस? खांब वळायला घे.

अब्रिल : मावशी?

इरुपे : हो गं. मीच म्हणाले.

अब्रिल : पण तू तर कार्निव्हलला डोक्यावर पिसं लावून अख्ख्या गावासमोर नाचतेस!

इरुपे : तिथे कुणी नावानं हाक मारत नाही, राणी.