तिसऱ्या महिन्यातला आवाज

अध्यक्ष कृष्णकांतराव, व्यासपीठावरचे मंडळाचे पदाधिकारी, आजचे प्रमुख पाहुणे व्यंकटराव, जे माझे यजमानही आहेत, आणि पानं मांडल्याचा आवाज ऐकूनही जागा न सोडलेल्या श्रोत्यांनो,

शार्दूल उद्या चेन्नई सोडून पुण्याला जातोय. शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातलं त्याचं कौतुक मित्रांनी केलंच. मी आमच्या वेस्ट मांबलमच्या घरातल्या रविवारांबद्दल बोलते.

यजमान कॉलेजात हार्ड रॉक वाजवायचे, हे किती जणांना ठाऊक आहे? तंजावरी मराठी घरातला मुलगा आणि कानठळ्या बसवणारी गिटार! एकोणऐंशी सालची एक कॅसेट तेवढी उरलीय. दोन हजार चारच्या मंडळाच्या गणेशोत्सवात शार्दूलने ती ऐकली आणि म्हणाला, "काका, हा आवाज मी परत काढून दाखवतो."

तो गुरगुरणारा आवाज व्हॉल्व्हचा जुना अॅम्प्लिफायर पूर्ण मोठा केल्याशिवाय निघत नाही. म्हणून आवाज दबावा यासाठी अॅम्प्लिफायर माझ्या कपाटात, साड्यांच्या मध्ये. तरी वरच्या मजल्यावरच्या कनकामामी दारात हजर: "एन्न सुनंदा, काय हे, घरात बोअरवेल मारतेस का?"

वाजवलेलं तो कॅसेटवर भरून ऐकवायचा. यजमान डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "इन्नुम वरल, कन्ना." अजून नाही आलं, बाळा. मग शार्दूल रिची स्ट्रीटवरची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं पालथी घालून दुसरे व्हॉल्व्ह आणायचा, स्पीकर बदलायचा.

तिसऱ्या महिन्यात एकदा तो कॅसेट ठेवून लवकर गेला. ती लावताना मी चुकून जुनीच लावली. यजमानांनी स्वतःची गिटार डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "इन्नुम वरल. धारच नाही."

दुपारी मी दोन्ही कॅसेटी आलटून पालटून लावल्या. मला फरक सांगता आला नाही.

यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी आलेख दाखवला. वरचे सूर यांना ऐकू येणं कधीच बंद झालं होतं. जिना उतरताना हे म्हणाले, "शार्दूलला सांगू नको. यायचा बंद होईल."

मी नाही सांगितलं. का? रविवारी हे सकाळीच दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे. मला ते बघायला आवडायचं. दुसरं कारण नाही.

असं आणखी दोन वर्षं चाललं. त्याच्या होणाऱ्या बायकोने, इराने, त्याला विचारलं, "लग्न माझ्याशी करायचंय की त्या कपाटाशी?" तिने ठरलेलं लग्न मोडलं, त्या रविवारीही तो आला. मी कॉफी दिली. यजमान म्हणाले, "इन्नुम वरल."

गेल्या आठवड्यात त्याने गिटार मंडळाला देऊन टाकली. मला म्हणाला, "काकू, मला कानच नाहीत. आता वाजवणार नाही." तेव्हाही मी काय म्हणाले? पुण्यात थंडी असते, स्वेटर घे.

शार्दूल, तो आवाज तिसऱ्या महिन्यातच आला होता. दोन्ही कॅसेटी मी आणल्यात. त्यांवर काही लिहिलेलं नाही. कुठली कोणाची, ते तुझ्या कानांनी ठरव.

यजमानांचे कान आता आणखी गेलेत, त्यांना यातलं फारसं ऐकू आलेलं नाही. तुमचे चेहरे पाहून ते घरी मला विचारतील. मी सांगेन.

अध्यक्षांनी बोलायची संधी दिली, तुम्ही मध्ये उठला नाहीत, त्याबद्दल आभारी आहे. निरोपाच्या दिवशी बोलू नये ते बोलले, यासाठी सभागृहाने मला क्षमा करावी. शार्दूल, तुझ्याकडे मात्र क्षमा मागत नाही. मागितली, तर तू लगेच देशील.