बसलेले विद्यार्थी: शून्य

हॅलो? … हॅलो, ताई? … थांब, जिन्यात येते. आत सगळ्यांचे कान इकडेच लागलेत… हां, बोल आता.

नाही, झाली नाही सही. … झाली नाही म्हणजे मी केली नाही. … अगं ओरडू नकोस, तुझ्या दवाखान्यात दात काढायला आलेली माणसं पळून जातील.

काय? बाबांनी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं? … कधी? … सकाळीच! अगं, प्राचार्य म्हणाले होते 'कायम होशील'. झाले असं कोण म्हणालं? बाबांना ना, बी पेरलं की फळ चाखल्यासारखंच वाटतं.

मिळेल गं, मिळेल. सही केली की मिळेल. कंत्राट शुक्रवारी संपतं, सोमवारपासून नियोजन कक्षात कायम. पत्र तयार आहे, पाहिलं मी. माझं आडनावसुद्धा बरोबर लिहिलंय, पहिल्यांदाच.

कशावर म्हणजे? तेच तर सांगतेय, ऐक ना… कॉलेजच्या पंचवार्षिक आराखड्यावर. पुढच्या पाच वर्षांत काय बांधायचं, काय बंद करायचं, पैसा कुठून आणायचा, कशात घालायचा. एकशे चाळीस पानं. त्यातली पहिली सतरा नुसती 'आपण भरारी घेणार' एवढंच सांगतात. … नाही, कुठे घेणार ते लिहिलेलं नाही.

आणि पान ब्याण्णव. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा बंद. … हो, तीच. मी शिकले ती. … कारण ती वापरातच नाही म्हणे! वापर शून्य टक्के. … हसू नकोस ताई. ते शून्य मी दिलंय.

मी म्हणजे मीच. गेल्या महिन्यात आठवडाभर खोल्या मोजत फिरत होते ना? पायाला फोड आले म्हणून तुझ्याकडून मलम नेलं होतं बघ. ते याच्यासाठी. तक्ता त्या सल्लागाराने दिला होता. … तोच, इस्त्री. अख्खा माणूस घडी घालून आणल्यासारखा. तर त्या तक्त्यात दोनच रकाने. खोलीत आसनं किती आणि बसलेले विद्यार्थी किती. दर तासाला दार उघडायचं, मोजायचं, भरायचं. मी भरलं. प्रयोगशाळा: आसनं सहा, बसलेले विद्यार्थी शून्य. पाच दिवस, रोज सात तास. पस्तीस वेळा शून्य.

अगं, कारण ते उभे असतात! … बसून कोण करतं प्रयोग? बसलेलं असताना ॲसिड सांडलं तर थेट मांडीवर येतं. म्हणून पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेतले काका सगळी स्टुलं टेबलाखाली ढकलतात, वर पायाने एक दणका देतात. सव्वीस वर्षं ढकलतायत. समोर बावीस पोरं उभी, डोळ्यांवर चष्मे, हातात नळ्या, आणि मी दारात उभी राहून लिहितेय, शून्य.

हो, मूर्खच. म्हण तू. … विचारलं तेवढंच लिहिलं, मला वाटलं पुढे कुणीतरी माणूस वाचेल. त्याच्या लक्षात येईल, बाबा, प्रयोगशाळा आहे ही, वाचनालय नाही. माणूस कुठला वाचतोय!

सांगितलं ना! गप्प कशी बसेन? आज सकाळी बैठकीत सगळ्यांसमोर उभी राहिले. म्हटलं, सर, चूक माझी आहे. दर तासाला सरासरी बावीस विद्यार्थी होते, आणि उभं राहून काम करायच्या जागा चोवीस आहेत. म्हणजे खोली जवळजवळ भरलेली असते. … अगं, प्राचार्य खूश! 'बघा, विज्ञानाची मुलगी,' म्हणाले. इस्त्रीने लगेच लॅपटॉप उघडला, टकटक केलं, आणि पडद्यावर नवा आकडा. तीनशे सहासष्ट पूर्णांक सात टक्के.

हो, तीनशे! … अगं त्याने उभे बावीस घेतले आणि भागिले सहा केलं. स्टुलं सहा ना! जागांचा रकानाच नाही म्हणे त्याच्याकडे. … थांब, अजून पुढे आहे. शेजारच्या रकान्यात लाल रंग उमटला. 'अतिगर्दी. सुरक्षिततेला धोका. तातडीने बंद करावी.'

… हॅलो? आहेस ना? … हां. 

विचारलं! म्हटलं, शून्याला बंद, तीनशेलाही बंद, मग ती चालू राहायला किती यायला हवे होते? तर इस्त्री म्हणतो, 'फार छान प्रश्न आहे.' आणि तेवढ्यात चहा आला. सगळ्यांनी बिस्किटं घेतली. आणि तो टायवरून बिस्किटाचा चुरा झटकत बसला.

तिथे काय होणार? प्रेरणा दालन. … काय माहीत कुणाला प्रेरणा. गालिचा, भिंतभर पडदा, आणि त्या मऊमऊ गोण्या असतात ना, बसलं की उठता येत नाही, त्या. दिवसा पाहुण्यांना दाखवायचं, संध्याकाळी भाड्याने द्यायचं. प्रयोगशाळा काय, रसायनं खाते, काच खाते, दर चौरस फुटाला उत्पन्न काहीच नाही. हे असं छापलंय. उत्पन्न काहीच नाही!

मुलं व्हिडिओवर बघणार. … खोटं कशाला सांगू? पान त्र्याण्णव. थेंब पडताना रंग बदलतो तो पडद्यावर बघायचा आणि वहीत लिहायचं, 'बदलला'. आणि काकांना बागेत पाठवणार. … माळी नाही गं, 'हरित परिसर सहायक'.

नाही, योगायोग नाही. तेच सांगायला तुला फोन लावत होते. चहाच्या वेळी सगळे बाहेर, मी टेबलावरचा नकाशा पाहत होते. प्रेरणा दालनाचा. कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख असते बघ, काढणाऱ्याने घातलेली. माझ्या मोजणीच्या नऊ आठवडे आधीची. … नऊ. दोनदा मोजले बोटांवर. म्हणजे मी दारं उघडत फिरत होते तेव्हा गोण्यांचा रंगसुद्धा ठरला होता. निळा.

हो, समजतंय मला. … समजतंय, ताई. … नोकऱ्या काय रस्त्यावर पडल्यात का, माहीत आहे. … अगं एका सहीने काय होतं म्हणजे? याच सहीने होतं! मोजणाऱ्याची सही नसेल तर विद्यापीठ आराखडा परत पाठवतं. पुन्हा मोजा म्हणतं, दुसऱ्या माणसाकडून. तोवर सत्र संपेल, पोरांचे प्रयोग होऊन जातील. पुढचं पुढे.

काय लिहिलंय? … 'ही मोजणी मी स्वतः केली असून निष्कर्ष मला मान्य आहेत.' अर्धं खरं आहे. मी म्हटलं दुसरं अर्धं खोडते. तर रजिस्ट्रार मॅडम म्हणाल्या, खाडाखोड चालत नाही.

आजारी पडू? … कशाने? तुझ्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणू? दाढ दुखते म्हणून सही होत नाही असं? … हस आता. मघाशी तर रडत होतीस.

नाही गं, जग सुधारायला नाही निघाले. … ताई, एक सांगू? कुणाला सांगितलं नाही आजवर. दुसऱ्या वर्षाला मी प्रयोगातलं एक रीडिंग बदललं होतं. आलेख सरळ यावा म्हणून. एकच ठिपका, जरा वर सरकवला. सरांना कळलं नाही, दहापैकी नऊ दिले. काकांना कळलं. कसं कोण जाणे. सगळे गेल्यावर माझी नळी धुतली, पुन्हा भरली आणि माझ्यासमोर ठेवून झाडू मारायला लागले. … हो, केला ना. पुन्हा सगळा केला. साडेसहा वाजले. ठिपका खालीच आला.

त्या माणसाला आता फुलझाडांना पाणी घालायला लावायचं, ते माझ्या आकड्यावर. … घाण वाटते ताई. हात धुतले तरी वाटते.

… नाही, रडत नाहीये. जिन्यात धूळ आहे.

काय म्हणालीस? … पुन्हा म्हण. … खरंच, नको करू सही? … आणि बाबा? … नको, तू नको, मीच सांगेन त्यांना. शिव्या घालतील, घालू देत. तू फक्त संध्याकाळी घरी थांब.

… थांब, कुणीतरी येतंय वरून. रजिस्ट्रार मॅडम. … नको, ठेवू नकोस, चालू राहू दे.

हो मॅडम, येतच होते. … हो, वाचलं सगळं. पान ब्याण्णव, त्र्याण्णव, दोन्ही. … कुठे करायची ते कळलं मला, तुम्ही बाण काढलाय. … नाही. … नाही मॅडम, पेन आहे माझ्याकडे, सही करायची नाहीये.

… ताई, ठेवते गं.