टिंबाचे मार्क

कडेवर बाळ आणि शेजारी लेक घेऊन आलेली बाई रांगेत मागच्या बाईंना तावातावानं सांगत होती. औषधाची चिठ्ठी वाचता वाचता दुकानदाराचे कान तिकडेच लागले.

“नऊ भागिले दोन. हिनं चार दशांश पाचऐवजी पंचेचाळीस लिहिलं. एक टिंब राहिलं, तर सगळे मार्क कापले!”

“आई, हळू बोल ना.”

“का हळू? दोन्ही आकडे बरोबर आलेत की! उद्याच शाळेत जाऊन जाब विचारते. टिंबानं कुणाचं काय बिघडतं?”

“ताई, बाळाचं औषध,” दुकानदार म्हणाला. “दिवसाला दहा एमएल, चार वेळा विभागून. म्हणजे एका वेळी पंचवीस.”

“पंचवीस? अहो, जीव घेता का लेकराचा? अडीच, अडीच!”

“आई, दोन्ही आकडे बरोबर आलेत की.”