शेजाऱ्याचे बैल, आमची गाडी

दर पोळ्याला आमच्या घरून मानवतच्या एका सुताराच्या घरी पुरणपोळी जाती. का, ते सांगतो. निजामाच्या राज्यात आमचे वडील त्याच्याकडं स्वस्तातली नवी बैलगाडी घ्यायला गेले. सुतारानं मान द्यावा म्हणून शेजाऱ्याचे धिप्पाड बैल मागून नेले. ते बघून सुतारानं सगळ्यात मोठी, महागडी गाडी पुढं केली. वर म्हणाला, "जुंपून बघा."

वडलांनी लय हाका मारल्या, पन बैलांनी कानबी हलवला न्हाई.

सुतार हसला. "हे तुमचे न्हाईत, शेजाऱ्याचे दिसत्यात. तुमचे केवढे हायत?"

वडलांनी कमरेपाशी हात धरला.

"मग ही हलकी न्या. पैसे कापूस विकल्यावर द्या."

"खोटं सापडल्यावरबी उधार?"

"अवो, शेजारी ज्याला बैल देतो, त्याला मी गाडी देऊ नको का?"